बेचाळिसावा नग

आमच्या नात्यागोत्यात कुणाचं बिऱ्हाड हलायचं म्हटलं की पहिला फोन मला येतो. शरणम्माकाकू, भांडी कशी बांधायची, बरण्या कशात ठेवायच्या, गाडीत आधी काय चढवायचं. मी सांगते. जे उतरल्याबरोबर लागतं ते शेवटी चढवायचं, म्हणजे ते आधी हाताला येतं. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधून वरनं कणकेचा लेप द्यायचा. काचेचं सामान गोधडीत गुंडाळायचं अन् गोधड्या पिंपात भरायच्या. प्रत्येक नगावर खडूनं नंबर घालायचा, अन् वहीत त्या नंबरासमोर आत काय काय हाय ते लिहायचं. सगळे म्हणतात, काकूंचं काम म्हणजे एक सुई इकडची तिकडं होणार न्हाय. मी बरं म्हणते अन् फोन ठेवते. मग दिवसभर मला जेवण गोड लागत न्हाय, हे त्यांना काय ठाऊक.

का लागत न्हाय ते आज सांगून टाकते. ज्यांनी रागवायचं ती माणसं आता राहिली न्हाईत, अन् मी तरी हा मोठेपणा किती दिवस मिरवायचा.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचे हे तेव्हा मुरूमला सोसायटीचे सेक्रेटरी होते. आम्ही ईरण्णा सावकारांच्या माळवदाच्या घरात भाड्यानं राहायचो. पुढं दोन खोल्या, मागं उंच भिंतीचं परस अन् त्यात एक लिंबाचं झाड. परसात जायला यायला स्वयंपाकघरातनंच एक दार. घरात माणसं पाच. हे, मी, महादेवी अन् सुवर्णा अशा दोन पोरी, अन् सासूबाई. आम्ही लिंगायत, घरात अर्धी कानडी अर्धी मराठी चालायची. सासूबाईंना मी अव्वा म्हणायचे, पोरी अज्जी म्हणायच्या.

माझं अन् अव्वाचं काही हाडवैर नव्हतं. पण मला सगळं जिथल्या तिथं लागायचं, अन् अव्वाचा हात प्रत्येक डब्यात. मी डाळीचा डबा वर ठेवला की ती खाली ठेवणार. मिसरीची डबी आज कोनाड्यात, उद्या पिठाच्या पिंपावर. मी तशी तापट, जिभेला हाड न्हाय. सकाळी एक अन् संध्याकाळी एक अशी आमची ठरलेली वादावादी व्हायची.

त्या साली नंबर हा शब्द घराघरात शिरला होता. रेशनला नंबर, खडी फोडायच्या कामावर नंबर, टँकरला नंबर. टँकर यायच्या आधीपासून गल्लीत घागरींची ओळ लागायची. घागर जिथं, तिथं तिचा नंबर. अव्वाला हे कधी उमगलंच न्हाय. तिच्या काळात विहिरीवर म्हाताऱ्या माणसाला बायका बाजूला होऊन जागा द्यायच्या. एक दिवस तिनं आपली घागर सरळ पुढं नेऊन ठेवली. शेजारची सखूबाई भांडायला उठली, ओढाताण झाली, अन् कुणाची तरी अर्धी घागर मातीत सांडली. त्या वर्षी सांडलेलं पाणी म्हणजे काय, ते बघितलेल्यांनाच कळेल. सगळी गल्ली बघत होती. मला एवढं लाजल्यासारखं झालं की मी सगळ्यांदेखत अव्वाला झापलं. नंबर आल्याशिवाय जागचं हलायचं न्हाय, एवढं साधं कळत न्हाय का, असं म्हणाले. भरल्या गल्लीत, पासष्ट वर्षांच्या बाईला.

 त्या दिवसापासून अव्वा ओळीत घागरीजवळ गप बसायची, अन् कुणी नाव घेऊन बोलावलं तरच उठायची. मला वाटलं, चला, म्हातारीला अक्कल आली.

एप्रिलात ह्यांच्या बदलीची ऑर्डर आली. उस्मानाबादला, म्हणजे घरात आम्ही ज्याला धाराशिवच म्हणायचो तिथं, जिल्ह्याच्या कचेरीत. नशीब असं की मिलोची, म्हणजे रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीची, पोती घेऊन आलेली एक लॉरी रिकामी परत जाणार होती. ड्रायव्हरनं सांगितलं, एकच खेप, अन् ऊन चढायच्या आत सातला निघायचं. माझ्या हातात तीन दिवस होते.

ते तीन दिवस मी अशी काही मांडणी केली की काय सांगू. महादेवीची अर्धी कोरी वही घेतली, शाळेतनं खडू आणवले. एक नंबर देवाचं, दोन नंबर ह्यांच्या कचेरीचे कागद, तीन ते नऊ भांडी, असं करत एक्केचाळीस नग झाले. प्रत्येकाची गाठ मी स्वतः मारली. पोरींनी नंबर घातले. सखूबाई बघायला आली अन् म्हणाली, बाई, लग्नाचा बस्तासुद्धा एवढा नीट बांधत न्हाईत. मी फुगले.

अन् अव्वा आपली मधी मधी. बांधलेलं बोचकं सोडून मिसरी शोधायची, पुन्हा गाठ सैल मारायची. तिचं एकच पालुपद होतं, मीठ वर ठेव, काडीपेटी वर ठेव, नव्या घरात मीठ आधी जातं. मी म्हणाले, मीठ-काडीपेटी सतरा नंबरात गेली, आता सतरा नंबर सुटणार न्हाय. ती म्हणाली, मग चूल कशी पेटवशील? मी म्हणाले, ते माझं मी बघीन. खरं तर सतरा नंबर वर ठेवायला हवा होता हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण ते पोतं आधीच खाली दाबलं गेलं होतं अन् तिचं ऐकायचं माझ्या जिवावर आलं होतं.

निघायच्या दिवशी पहाटे अव्वा माझ्या आधी उठलेली. चुलीशी तिचं काहीतरी खुडबुड चाललं होतं. मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी पसरून ठेवते. साडेसहाला लॉरी दारात आली, हमाल आले, एकच गडबड उडाली. मी दारात वही घेऊन उभी, एकेक नग बाहेर जाईल तशी खूण करत होते. तेवढ्यात अव्वा पदराखाली एक लहानसं गाठोडं घेऊन माझ्या पुढ्यात आली.

"शरणम्मा, माजा नंबर कितवा गं?"

मला वाटलं चेष्टा करते. माझी कंबर मोडून आली होती, हमाल आठ नंबरची पेटी उलटी धरत होता.

"तुमचा शेवटचा. आता परसात जाऊन बसा, अन् बोलावल्याबिगर उठू नका."

ती मागं गेली.

लॉरीच्या केबिनमध्ये ह्यांच्याशेजारी अव्वानं बसायचं असं आमचं ठरलं होतं, कारण एस.टी.त तिला उलट्या व्हायच्या. मी पोरींना घेऊन एस.टी.नं जाणार होते. पण ऐनवेळी खरेदी-विक्री संघाचे एक सुपरवायझर धाराशिवला जायला निघाले अन् केबिनमध्ये चढून बसले. ह्यांना वाटलं, जागा न्हाय म्हणून आई सुनेबरोबर गेली. मला वाटलं, ठरल्याप्रमाणे लॉरीत बसली. लॉरी गेली. मी रिकाम्या खोल्यांतनं एक फेरी मारली. कोनाडे बघितले, खुंट्या बघितल्या, फळीवर हात फिरवून बघितला. रांजणात घागरभर पाणी होतं, वाया कशाला जाऊ द्यायचं म्हणून ते सखूबाईला देऊन टाकलं अन् रांजण पालथा घातला. मग स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आतनं कडी घातली. परसात डोकावले न्हाय. परसातलं सगळं आदल्या दिवशीच वहीत आलं होतं, बंब पंचवीस अन् धुण्याचा दगड सव्वीस, दोन्हीवर खूण झालेली. पुढच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली ईरण्णा सावकारांच्या दुकानात टाकली अन् स्टँड गाठला.

आता जे सांगते ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाय.

नळदुर्गच्या स्टँडवर एस.टी. थांबली. पोरींना चुरमुरे घेऊन दिले. खिडकीशी वारा लागत होता, मांडीवर वही होती, अन् एकाएकी मनात आलं, लॉरी निघाली तेव्हा केबिनमध्ये अव्वा दिसली का? मी आठवून बघितलं. ड्रायव्हर दिसला, हे दिसले, पांढरी टोपी घातलेले सुपरवायझर दिसले. अव्वाचं हिरवं लुगडं काही आठवलं न्हाय. तिथंच उठायला हवं होतं. मुरूमकडं जाणारी गाडी समोरच उभी होती. पण मी मनाला सांगितलं, असेल ती, जाते कुठं. खरं कारण हे की मला त्या खिडकीत बसून बरं वाटत होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी कुठं तरी जात होते अन् कानाशी अव्वाची टकळी नव्हती. गाडी सुटली तशी मी डोळे मिटून घेतले. झोपले मात्र न्हाय.

धाराशिवला पोचलो तर लॉरी आधीच येऊन थांबलेली. हे घरमालकाकडं किल्ली आणायला गेले होते. ते आले अन् सामान उतरू लागलं. मी नव्या उंबऱ्यात वही घेऊन उभी राहिले. एकेक नंबर आत जात होता, मी खूण करत होते अन् कुठला नग कुठल्या कोपऱ्यात ते सांगत होते. शेजारणी जमल्या. त्यांतली एक प्रेमाबाई, मास्तरांची बायको. ती म्हणाली, अहो, आमचं सामान उतरलं तेव्हा महिनाभर परात सापडली नव्हती, अन् तुमचं बघा. एक्केचाळिसावा नग आत गेला तशी मी वही मिटली अन् म्हणाले, एक चमचासुद्धा हरवला न्हाय.

चहा करायला काडीपेटी मात्र सापडेना. सतरा नंबर सगळ्यात तळाशी होता. प्रेमाबाईनं आपल्या घरनंच चहा करून आणला. बशीत ओतून मी तोंडाला लावणार, तेवढ्यात धाकटी सुवर्णा दारातनं आत आली अन् म्हणाली, आई, बेचाळीस कुठाय?

मी म्हणाले, बेचाळीस न्हायच, एक्केचाळिसावर वही संपली. ती म्हणाली, "अज्जीच्या गाठोड्यावर मीच घातला की बेचाळीस. ती म्हणाली, माजा नंबर शेवटचा हाय, लिहून दे."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं. तुझ्याबरोबर होती न्हवं, असं हे म्हणाले. तुमच्याबरोबर न्हवती का, असं मी म्हणाले. प्रेमाबाईनं तोंडाला पदर लावला. बाकीच्या शेजारणींतली एकही हलली न्हाय. माझ्या हातात तीच वही होती. ती कुठं ठेवू तेही सुचेना.

ह्यांना लगेच कचेरीत हजर व्हायचं होतं. ते चिडून म्हणाले, बसली असेल सखूबाईकडं गप्पा छाटत, तिला काही वेळेचं भान हाय का. मी म्हणाले, असेल. पण मला आतनं कळून चुकलं होतं. मागच्या दाराची कडी घातल्याचा आवाज माझ्या कानात आला. पोरी प्रेमाबाईवर सोपवल्या अन् मी एकची मुरूमची गाडी धरली.

तो प्रवास कसा झाला ते मला सांगता येणार न्हाय. बाहेर नुसता जाळ. ओढे कोरडे, रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायका डोक्यावर पदर ओढून बसलेल्या. माझं डोकं एकाच हिशेबात अडकलेलं. सकाळी सातपासून. भिंती उंच. रांजण मी पालथा घातलाय. तांब्या नऊ नंबरात. पाण्याचा एक थेंब मी त्या घरात ठेवला नव्हता, अन् ते पाणी वाया जाऊ नये म्हणून शेजारी दिलं याचं सकाळी मला कौतुक वाटलं होतं. नळदुर्गला गाडी पुन्हा त्याच जागी थांबली. मी मान वर केली न्हाय.

साडेचारला मुरूमला उतरले ती पळतच ईरण्णा सावकारांच्या दुकानात गेले. दुकान भरलेलं. चार शेतकरी, दोन दलाल, गादीवर सावकार. मला बघून सगळ्यांनी माना वर केल्या. सेक्रेटरीबाई सकाळी गेल्या अन् संध्याकाळी घामाघूम होऊन परत, म्हणजे काहीतरी झालंय. सावकारांनी विचारलं, काय हो, काही राहिलं का?

मी म्हणायला हवं होतं, सासू राहिली. तोंडात आलंसुद्धा होतं. पण त्या चौदा डोळ्यांसमोर माझी जीभ उचलली न्हाय.

"एक नग राहिला," मी म्हणाले.

सावकार भले माणूस. त्यांनी किल्ली दिली, अन् एकट्या बाईला उचलणार न्हाय म्हणून आपला हमाल गोरोबा माझ्याबरोबर दिला. मी नको नको म्हणत होते, तर ते म्हणाले, असू द्या, स्टँडपर्यंत नेऊन देईल. गोरोबा खांद्यावर दोर टाकून माझ्या मागनं चालू लागला.

कुलूप काढताना किल्ली दोनदा पडली. आत धावले, मागची कडी काढली.

अव्वा भिंतीला टेकून बसली होती. सकाळी ती लिंबाच्या बुंध्याशी बसली असणार, सावली सरकेल तशी सरकत सरकत भिंतीशी पोचलेली. परसात एक पान पडलेलं नव्हतं. लिंबाची डहाळी मोडून तिनं सगळं झाडून काढलं होतं, पाचोळ्याचा ढीग कोपऱ्यात होता. ओठ पांढरे पडलेले, डोळे आत गेलेले. मांडीवर ते गाठोडं, अन् त्याच्यावर सुवर्णाच्या वाकड्या अक्षरात खडूनं बेचाळीस.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माजा नंबर आला का गं?"

ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, हे मला आज इतक्या वर्षांनीसुद्धा ठरवता आलेलं न्हाय. मी तिच्या पायाशी बसले. रडूसुद्धा येईना. तेवढ्यात गोरोबा माझ्या मागनं परसात आला, त्यानं इकडं तिकडं बघितलं अन् विचारलं, बाई, नग कुठाय?

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी काही बोलायच्या आत अव्वानंच उत्तर दिलं.

"ह्यो काय, हितं बसलाय. पर जड न्हाय बाबा, चालत यील."

गोरोबानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् खांद्यावरचा दोर काढून हातात धरला. मी पाणी आणायला सखूबाईकडं जायला उठले तर अव्वानं माझा पदर धरला. तिकडं नको, अशी तिनं नुसती मान हलवली. गोरोबाच दुकानात गेला अन् तांब्याभर पाणी घेऊन आला. अव्वा ते थोडं थोडं, थांबून थांबून प्याली. शेवटी उरलेला घोट चुळीला न वापरता लिंबाच्या मुळात ओतला.

मी विचारलं, तुम्ही हाक का मारली न्हाय? भिंतीपलीकडं सखूबाई होती, एक हाक मारली असती तर ती धावत आली असती. अव्वा म्हणाली, दुपारपर्यंत तिला वाटलं, लॉरी दुसरी खेप करील. टँकरची करतात तशी. मग ऊन डोक्यावर आलं तसं तिच्या ध्यानात आलं, दुसरी खेप न्हाय. मग तरी मारायची होती हाक, असं मी म्हणाले. तेव्हा ती हळूच म्हणाली:

"हाक मारली असती तर गल्लीत झालं असतं, सून सासूला इसरून गेली. त्यापरीस बसले."

किल्ली द्यायला पुन्हा दुकानात जावंच लागलं. अव्वा माझ्याबरोबर, गोरोबा मागं. सावकारांनी विचारलं, मिळाला का नग? दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी खाली मान घातली. अव्वा पुढं झाली अन् तिनं सांगितलं की घर झाडून द्यायचं राहिलं होतं, दुसऱ्याचं घर तसंच टाकून जाऊ नये, म्हणून ती स्वतःहून मागं थांबली होती, अन् सून तिला न्यायला आलीय. सावकारांनी गादीवरनं उठून तिला हात जोडले. अशी माणसं आता मिळत न्हाईत, असं ते दलालांना म्हणाले. गोरोबा दोराची गुंडाळी करत होता. त्यानं मान वर केली न्हाय, अन् पुढंही कुणाजवळ बोलला न्हाय, असं मी नंतर ऐकलं.

त्या संध्याकाळची गाडी तुळजापूरपर्यंतच होती. वाटेत अव्वाला दोनदा उलटी झाली, मी तिचं डोकं धरलं. तुळजापूरला केळी घेतली, ती तिनं खाल्ली. ते गाठोडं काही तिनं सोडलं न्हाय. मी म्हटलं, आत काय हाय, द्या माझ्याकडं. ती म्हणाली, घरी गेल्यावर. रात्र स्टँडवर काढून सकाळी आम्ही धाराशिवला पोचलो. सबंध वाटेत मी एकच ठरवत होते. गेल्या गेल्या ह्यांना सांगायचं, चूक माझी. मीच अव्वाला परसात बसवलं, मीच म्हणाले उठू नका, मीच कडी घातली. नळदुर्गचंसुद्धा सांगायचं. मग जे व्हायचं ते होऊ दे.

हे दारातच उभे होते. रात्रभर झोपले नसावेत. आईला धडधाकट बघितली अन् त्यांचा सगळा घोर रागात उतरला. कुठं होतीस, काय करत होतीस, एवढ्या माणसांच्या जिवाला घोर, असं ते मोठ्यानं बोलू लागले. अव्वानं दुकानातलंच पुन्हा सांगितलं. म्याच हिला म्हनलं, तुमी फुडं व्हा, म्या घर झाडून मागनं येते. मग तर हे आणखीच भडकले. म्हातारपणी अक्कल गहाण ठेवलीस का, असं म्हणाले. मला त्यांचं तोंड धरावंसं वाटलं. मी पुढं झाले, तोंड उघडलं, अन् नेमकी प्रेमाबाई दारात आली. आल्या का आजी, असं म्हणाली. तिच्यामागं कालच्याच बाकीच्या शेजारणी. मी तोंड मिटलं.

अव्वा स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागनं गेले. तिथं माझे सगळे नग ओळीनं लावून ठेवलेले, सतरा नंबर अजून तळाशी. पोरी आदल्या रात्री प्रेमाबाईच्या घरी जेवल्या होत्या, अन् ह्यांनी काही खाल्लंच नव्हतं. अव्वानं जमिनीवर बसून गाठोडं सोडलं. बेचाळीसचा खडू तिच्या बोटांना लागला.

आत मिठाची पुरचुंडी होती. काडीपेटी होती. विभूतीची गोळी होती. अन् फडक्यात गुंडाळलेल्या मिलोच्या चार भाकऱ्या होत्या, लाल, काठाला वाळून आलेल्या. मी चूल मोडायच्या आधी पहाटे तिची जी खुडबुड चालली होती, ती ही. नव्या घरात उतरल्यावर चूल लागेपर्यंत पोरांना भूक लागेल म्हणून.

तिनं पोरींना हाक मारून दोन दिल्या. एक ह्यांच्यासाठी ताटलीत काढली. चौथी माझ्यापुढं धरली. मी म्हणाले, अव्वा, तुमची? ती म्हणाली, पीठ चारचंच होतं. मला मोजायला वेळ लागला. सबंध दिवस ती त्या परसात भुकेली बसली होती अन् मांडीवर चार भाकऱ्या होत्या, त्यांतली तिची एकही नव्हती.

"खा," अव्वा म्हणाली, "कालधरनं तुज्या पोटात काय न्हाय."

बाहेर हे प्रेमाबाईला सांगत होते, आमची आई लई हट्टी, कुणाचं ऐकत न्हाय. प्रेमाबाई म्हणत होती, म्हातारी माणसं अशीच, पण तुमच्या मंडळींचं कौतुक, आल्या पावली न्यायला गेल्या. मी भिंतीकडं तोंड करून ती भाकरी खात होते. तोंडात घास हाय, म्हणून बोलता येत न्हाय, असं मी मनाला सांगितलं. हे पुढं कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांत आईच्या हट्टाची ही गोष्ट हसत हसत सांगायचे, अन् अव्वा ऐकत बसायची. ती त्यानंतर सात वर्षं जगली. घास कधीचाच गिळून झाला होता.